एका अक्षराचं वजन

युरोपातलं रानडुक्कर आणि तिथल्याच फार्मवरचं लार्ज व्हाइट जातीचं डुक्कर शेजारी शेजारी उभं केलं, तर ही दोन्ही एकाच प्रजातीची आहेत हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये. रानडुकराचं सगळं बळ पुढच्या बाजूला. जाडजूड मान, भरलेले खांदे, लांब निमुळतं तोंड आणि मागे उतरत गेलेलं चिंचोळं अंग. लार्ज व्हाइटचं बरोबर उलट. अंग लांबलचक, पाठ सपाट, आणि मांसाचा भर मागच्या मांड्यांवर, कारण हॅम तिथूनच निघतं. रंग पांढरा, केस विरळ. तरीही दोघांची जोडी जमते, पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. म्हणजे प्रजात एकच. साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या परिसरात, आणि त्याच्याशी काही संबंध नसताना चीनमध्येही, माणसाने रानडुकरं माणसाळवली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चाललं आहे: हे पैदाशीला ठेवायचं, ते कापायचं.

निवड झाली ती नुसत्या डोळ्यांनी. पण जे बदललं ते डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागी. डुकराचा डीएनए अडीच अब्जांहून जास्त अक्षरांचा आहे. ए, सी, जी, टी या चारच अक्षरांत सगळा मजकूर, ३८ गुणसूत्रांवर विभागलेला. यातलं नेमकं कोणतं अक्षर बदललं म्हणून मांडी भरली? कोणतं बदललं म्हणून पाठीवरचा चरबीचा थर पातळ झाला? हा शोध स्वीडनमध्ये सुरू झाला, तेव्हा डुकराचा संपूर्ण जनुकसंच कुणी वाचलेलाही नव्हता.

उप्सालाच्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने दोन रानडुकरांचा आठ लार्ज व्हाइट माद्यांशी संकर केला. पहिल्या पिढीतून फारसं काही कळत नाही. प्रत्येक पिल्लाकडे निम्मा मजकूर रानातला, निम्मा फार्मवरचा, त्यामुळे सगळी साधारण मधली दिसतात. खरी गंमत दुसऱ्या पिढीत असते. पहिल्या पिढीतले नर आणि माद्या एकमेकांशी जुळवले की दोन्ही घराण्यांचा मजकूर नव्याने मिसळतो आणि प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला वेगळीच सरमिसळ येते. एखाद्याचं दुसरं गुणसूत्र बहुतांशी रानटी आणि चौथं बहुतांशी पाळीव, तर त्याच्या भावाचं नेमकं उलट. अशी २०० पिल्लं त्यांनी वाढवली. त्यांचं जन्माचं वजन घेतलं, रोजची वाढ नोंदली, कापल्यावर पाठीवरची चरबी मिलिमीटरमध्ये मोजली, आणि लहान आतडं सरळ करून त्याची लांबीही मोजली. आतड्याचं कारण जुनं आहे. पाळीव डुकराचं आतडं रानडुकरापेक्षा लांब असतं हे डार्विनने १८६८ मधल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं होतं.

आता प्रश्न उरला तो मोजमापांची सांगड डीएनएशी घालण्याचा. इथे निसर्गाचीच एक सवय उपयोगी पडते. अंडं किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. पत्त्यांचा जोड एकदाच कापला तर लगतचे दोन पत्ते सहसा एकत्रच राहतात, आणि दूरदूरचे दोन वेगळे होण्याची शक्यता जास्त, इथेही तसंच. म्हणून गुणसूत्रावर ठरावीक अंतरावर काही ओळखीच्या खुणा असल्या, म्हणजे रानडुकरात एक रूप आणि लार्ज व्हाइटमध्ये दुसरं रूप अशी ठिकाणं, तर प्रत्येक पिल्लाकडे कुठला तुकडा कुणाकडून आला हे सांगता येतं. या खुणांना मार्कर म्हणतात. मार्कर स्वतः काहीच करत नाही. पण ज्या पिल्लांना अमुक मार्करचं रानटी रूप मिळालं ती सगळी सरासरीने जास्त चरबीची निघाली, तर चरबीशी संबंध असलेलं काहीतरी त्या मार्करच्या आसपासच आहे, हे उघड होतं.

१९९४ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आला. चौथ्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याचा वाढीवर, चरबीवर आणि लहान आतड्याच्या लांबीवर ठळक परिणाम होता. तोवर बहुतेकांचा समज असा होता की वजन, चरबी, वाढ हे गुण असंख्य जनुकांच्या बारीकबारीक हातभारातून घडतात आणि त्यातलं एखादं सुटं करून दाखवणं अशक्य. अँडरसन यांच्या प्रयोगाने दाखवलं की काही जनुकांचा हातभार चांगलाच मोठा असतो. पण सापडला होता तो पट्टा. अशा पट्ट्यात शेकडो जनुकं मावतात. त्यातलं नेमकं अक्षर कोणतं, हे अजून कोसो दूर होतं.

आणि मग दुसऱ्या गुणसूत्राने सगळ्यांना चकवलं.

१९९९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँडरसन यांच्या गटाचा, दुसरा बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाचा. बेल्जियमच्या गटाने पिएत्राँ ही मांसल, ठिपकेदार जात लार्ज व्हाइटशी जुळवली होती. दोघांचं बोट दुसऱ्या गुणसूत्राच्या एकाच टोकावर पडलं. स्नायूंच्या वजनात पिल्लापिल्लांत जो फरक दिसत होता, त्यातला १५ ते ३० टक्के फरक या एका जागेमुळे होता, आणि पाठीवरच्या चरबीतला १० ते २० टक्के. पण एक विचित्र अट होती. मांस वाढवणारं रूप पिल्लाला बापाकडून मिळालं तरच परिणाम दिसत होता. तेच रूप आईकडून आलं तर पिल्लू इतरांसारखंच.

शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या नियमांत हे बसत नाही. तिथे आईची प्रत आणि बापाची प्रत यांना समान मान. पण सस्तन प्राण्यांत मोजकी काही जनुकं अशी असतात की त्यांच्यावर कुणाकडून आलं याची रासायनिक मोहर उमटलेली असते आणि एकाच पालकाची प्रत बोलते, दुसरी गप्प बसते. या टोकावर असंच एक जनुक होतं, आयजीएफ-२. गर्भात आणि नंतर स्नायूंत वाढ घडवून आणणारा एक संप्रेरकासारखा पदार्थ ते बनवतं. उंदरात ते फक्त बापाच्या प्रतीवरून चालतं, हे १९९१ मध्ये कळलं होतं.

बापाचीच प्रत का? जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांनी याचं एक उत्तर मांडलं आहे, आणि ते ऐकून आई-बापांच्या प्रेमाबद्दल क्षणभर विचारात पडायला होतं. गर्भाला पोसण्याचा खर्च आईच्या अंगावर पडतो. बापाच्या दृष्टीने हे पिल्लू जितकं धष्टपुष्ट निघेल तितकं चांगलं, कारण या मादीची पुढची पिल्लं त्याचीच असतील असं नाही. आईच्या दृष्टीने मात्र आजची आणि उद्याची सगळी पिल्लं तिचीच, म्हणून तिला अंगातली शिदोरी राखून ठेवायची असते. परिणामी वाढीला जोर देणाऱ्या जनुकांत बापाची प्रत बोलकी राहिली आणि आईने आपली प्रत मिटून घेतली. ही ओढाताण लक्षावधी वर्षांची आहे, आणि आपल्या जेवणाच्या ताटाशी तिचा संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

डुकरं पाळणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. समजा एका नराला मांस वाढवणारं रूप आईकडून मिळालं. तो दिसायला साधाच. बाजारात त्याची किंमत साधीच होणार. पण त्याची निम्मी पिल्लं ते रूप बापाकडून घेऊन जन्मणार, आणि ती एकाएकी मांसल निघणार. गुण एक पिढी दडून बसतो आणि पुढच्या पिढीत उगवतो. नुसत्या नजरेने पैदाशीचा नर निवडणाऱ्याला हा लपंडाव कधीच उलगडला नसता. उलट, हे कळल्यावर सोय झाली. मांस वाढवणारं रूप दोन्ही प्रतींत असलेले नर वापरायचे, आणि माद्या मात्र जुन्या रूपाच्या, अंगावर जरा चरबी राखून असणाऱ्या ठेवायच्या. गाभणपणात आणि अंगावर पाजताना मादीला ती चरबी कामी येते, आणि पिल्लं तरीही बापाच्या वळणावर जातात.

पण अजून अक्षर सापडलं नव्हतं. ते २००३ मध्ये सापडलं, आणि या शोधाची तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. संशोधकांनी आधी असे नर निवडले, ज्यांच्या पिल्लांवरून हे गुणसूत्र 'मांसल' की 'साधं' हे पक्कं ठरलेलं होतं. मग आयजीएफ-२ च्या परिसरातली २८,६०० अक्षरं वेगवेगळ्या जातींच्या गुणसूत्रांवर ओळीने वाचून काढली. फरक निघाले २५८. आता प्रत्येक फरकाची उलटतपासणी. खरा कारणीभूत फरक असेल तर तो प्रत्येक मांसल गुणसूत्रावर असलाच पाहिजे आणि एकाही साध्या गुणसूत्रावर असता कामा नये. एकेक करून फरक गळत गेले. शेवटी कस लागला तो हॅम्पशायर जातीच्या एका गुणसूत्राचा. त्याचा मजकूर मांसल गुणसूत्रांशी जवळपास तंतोतंत जुळत होता, तरी परिणामात ते साधंच होतं. म्हणजे उत्तर त्या 'जवळपास'मध्ये दडलेलं असणार. आयजीएफ-२ जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमधलं ३०७२ वं अक्षर: मांसल गुणसूत्रांवर तिथे 'ए', या हॅम्पशायरवर आणि बाकी सगळ्या साध्यांवर 'जी'. २५८ फरकांतून हा एकच टिकला.

खरं आश्चर्य पुढेच आहे. इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या मधला तो मजकूर, जो प्रथिन बनवण्याआधी कापून टाकला जातो. या अक्षराने प्रथिनात काडीचाही बदल होत नाही. मांसल डुकराचं आयजीएफ-२ आणि रानडुकराचं आयजीएफ-२ हुबेहूब एकच. बदलतं ते फक्त प्रमाण. जन्मानंतर स्नायूंत या जनुकाचा संदेश 'ए' असलेल्या डुकरात तिप्पट तयार होतो. आणि ज्या जागी हे अक्षर बसलं आहे तिथल्या आजूबाजूच्या १६ अक्षरांची रांग तपासलेल्या आठ सस्तन प्राण्यांत अगदी तशीच्या तशी होती. कोट्यवधी वर्षं ज्या जागेला उत्क्रांतीने हात लावू दिला नाही, ती जागा रिकामी कशी असेल? तिथे नक्की कुणीतरी येऊन बसत होतं, जनुकाला आवर घालत होतं, आणि 'ए' झाल्यावर त्याला बसता येत नव्हतं.

ते कोण, हे शोधायला आणखी सहा वर्षं गेली. संशोधकांनी डीएनएचा तो तुकडा दोन रूपांत तयार केला, जुन्या 'जी'चा आणि नव्या 'ए'चा, आणि उंदराच्या स्नायूपेशींच्या केंद्रकातल्या प्रथिनांच्या मिश्रणात गळासारखा टाकला. जुन्या तुकड्याला चिकटणारं आणि नव्याला न चिकटणारं प्रथिन कोणतं, हे पाहिलं. हाती लागलं ते प्रथिन कुणाच्याच यादीत नव्हतं. त्याचं जनुक दुसऱ्याच एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बिऱ्हाड करून बसलं होतं, म्हणून आजवर नजरेतून सुटलं होतं. त्याला झेडबीईडी-६ हे नाव मिळालं. ते 'जी-सी-टी-सी-जी' अशी अक्षररांग ओळखून तिथे बसतं. शेवटच्या 'जी'चा 'ए' झाला की ओळख पुसली जाते. आणि या प्रथिनाचा वंश? ते एका 'उड्या मारणाऱ्या' जनुकातून आलेलं आहे. डीएनएत स्वतःला कापून दुसरीकडे घुसवणारे असे तुकडे असतात, जवळपास परजीवीच. त्यातला एक दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत शिरला, उड्या मारायचं विसरला आणि वाढीवर नजर ठेवणारा पहारेकरी बनला. तो वार असलेल्या सगळ्या सस्तन प्राण्यांत आहे, माणसातही. डुकराच्या मांडीचा माग काढता काढता आपल्याच अंगातलं एक अनोळखी प्रथिन सापडलं.

मग हे अक्षर डुकरांत आलं कुठून? रानडुकरांत ते नाही. युरोपच्या मांसल जातींत ज्या गुणसूत्रावर ते बसलं आहे, त्याचा आजूबाजूचा मजकूर आशियाई डुकरांशी जुळणारा आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चिनी डुकरं आणून स्थानिक जातींत मिसळली गेली होती. त्या मिसळणीबरोबर असं गुणसूत्र आलं असावं. पुढे गिऱ्हाइकांना चरबीऐवजी लाल मांस हवं झालं, तेव्हा पैदास करणाऱ्यांनी जी डुकरं निवडली त्यांच्याबरोबर हे अक्षरही आपोआप निवडलं गेलं. कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, तरी ते जातीजातींत पसरलं.

डोळ्यांनी केलेल्या निवडीची दुसरी बाजूही असते. पिएत्राँ आणि इतर काही मांसल जातींतली काही डुकरं बाजाराला नेताना गाडीतच ताणाने ताठ होऊन, अंग तापून मरत. कापलेल्यांचं मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटणारं निघे. पिल्लांच्या तोंडावर मुखवटा लावून हॅलोथेन हे भूल देणारं औषध हुंगवलं की अशा दोषाच्या पिल्लाचे पाय काही मिनिटांत लाकडासारखे ताठरत, म्हणून त्याला हॅलोथेन जनुक म्हणू लागले. १९९१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड मॅक्‌लेनन यांच्या गटाने कारण दाखवलं. आरवायआर-१ या जनुकात १८४३ व्या जागी 'सी'चा 'टी' झाला होता. स्नायूत कॅल्शियम सोडणाऱ्या दाराची खिटी त्यामुळे सैल पडते. दोष दिसायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच बिघडलेली प्रत असलेलं डुक्कर धडधाकट आणि वर जरा जास्त मांसल. मांस पाहून निवडत गेलेल्या पैदासदारांनी नकळत मरण निवडलं होतं. डीएनएची चाचणी आल्यावर अनेक जातींतून हे अक्षर काढून टाकता आलं. माणसांतही काही घराण्यांत शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर अंग एकाएकी भडकून तापतं. त्यातल्या बऱ्याच घराण्यांत हेच जनुक बिघडलेलं आढळतं.

लांबीचीही अशीच कथा. रानडुकराच्या पाठीत बरगड्यांच्या आणि कमरेच्या भागातले मणके मिळून १९ असतात. आधुनिक फार्मवरच्या डुकरांत २१ ते २३. जपानमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये पहिल्या गुणसूत्रावरचं आणि २०११ मध्ये सातव्या गुणसूत्रावरचं जनुक दाखवलं. सातव्यावरच्या जनुकाची एक प्रत सरासरी अर्धा मणका वाढवते, दोन प्रती मिळून एक. 'पाठ लांब हवी' एवढंच म्हणणाऱ्या माणसाने न मोजता मणके वाढवत नेले.

सातव्या गुणसूत्राने आणखी एक धडा दिला, आणि मला तो या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. चीनमधली मेशान ही जात सुरकुतलेल्या तोंडाची, लोंबत्या कानांची, आणि भरपूर चरबीची. एका वेतात ढीगभर पिल्लं देते म्हणून फ्रान्सने १९७९ मध्ये ती आणली. लार्ज व्हाइटशी तिचा संकर करून चरबीचा नकाशा काढला, तेव्हा सातव्या गुणसूत्रावर चरबीशी निगडित एक मोठी जागा सापडली. चरबीच्या जातीचं रूप चरबी वाढवणार अशी सगळ्यांची खात्री. निघालं उलटच. त्या जागी मेशानचं रूप चरबी कमी करत होतं. इतकी चरबी अंगावर बाळगणाऱ्या डुकरात चरबी घटवणारं जनुक पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप होतं, बाकीच्या जनुकांच्या गर्दीत झाकलेलं.

आता हत्यारं खूप पुढे गेली आहेत. २००९ मध्ये डुकराच्या डीएनएतल्या ६० हजार जागा एका वेळी वाचणारी चिप आली. २०१२ मध्ये 'टी. जे. टबॅस्को' नावाच्या एका ड्युरॉक मादीच्या डीएनएवर आधारलेला डुकराचा संदर्भ-जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. आज पैदाशीच्या मोठ्या कंपन्या जन्मलेल्या पिल्लाच्या कानाच्या कातडीतून नमुना घेऊन त्याची किंमत मांडू शकतात. याच वाचनातून हेही कळलं की आयजीएफ-२ सारखी दणकट अक्षरं विरळा. बहुतेक वाढ खरंच हजारो लहानसहान फरकांतून बेतलेली असते. जुना समज सगळाच चुकीचा नव्हता.

मेशानचा धडा आपल्या दाराशीही लागू पडतो. दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात आगोंद हे गाव आहे. त्याच्या नावाने 'आगोंदा गोवन' ही डुकराची स्थानिक जात कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदवली आहे. बंगालची घुंगरू, मेघालयाची नियांग मेघा, नागालँडची तेन्यी वो या जातीही त्याच यादीत आहेत. लार्ज व्हाइटशेजारी उभं केलं तर यातलं कुठलंही डुक्कर लहान आणि हळू वाढणारं वाटेल, आणि लगेच सुधारित नर आणून त्याचा वंश बदलून टाकावा असं कुणालाही वाटेल. मेशानकडे पाहूनही तसंच वाटलं असतं. घराशेजारचं मिळेल ते खाऊन, दमट उकाड्यात आणि स्थानिक रोगांत तगलेल्या या डुकरांच्या अडीच अब्ज अक्षरांत काय आहे, हे त्यांच्या अंगावर लिहिलेलं नाही. ते संकर करून, पिल्लं मोजून, खुणा जुळवूनच कळतं, आणि त्यासाठी आधी ती जात शिल्लक असावी लागते.